चव्हाट्यावरचा प्रेषित



संत पौलाचे नाव घेताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. उंच पायऱ्या, त्यांवर उभा असलेला दाढीधारी प्रेषित, वर उचललेले दोन्ही हात आणि भोवती कान देऊन ऐकणारा समुदाय. या चित्राचे एक प्रसिद्ध मूळ सोळाव्या शतकात सापडते. पोप दहावे लिओ यांच्या आज्ञेवरून राफाएल या विख्यात इटालियन चित्रकाराने १५१५-१६ च्या सुमारास सिस्टाइन चॅपेलमध्ये टांगावयाच्या विणीव पडद्यांसाठी भव्य नमुनाचित्रे काढली. त्यांपैकी एकात पौल अथेन्स नगरीत उपदेश करीत आहे. ही नमुनाचित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहावयास मिळतात.

चित्र सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे ते काढले गेले, तो ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सावकाश वाचू लागलो, की आपण काहीसे चकित होतो. तेथे पौल वारंवार बोलतो खरा. पण तो बोलत आहे आणि सर्वजण शेवटपर्यंत शांतपणे ऐकत आहेत, असे क्वचितच घडते. कोणी त्याला हसतात, कोणी मध्येच थांबवितात, कोणी त्याच्यावर धोंडे उचलतात, आणि एक तरुण तर चक्क झोपी जातो. आपल्या ग्रंथनायकाचे असे वर्णन लेखकाने का बरे केले असावे? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण दर रविवारी मिस्साबलिदानात प्रवचन ऐकणाऱ्या आपणांशी आणि ते करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंशी त्याच्या उत्तराचा निकटचा संबंध आहे.

लूकची लेखणी

‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ ख्रिस्तसभेच्या प्राचीन परंपरेनुसार संत लूकने लिहिला. शुभवर्तमान हा त्याच्या लेखनाचा पहिला भाग व कृत्ये हा दुसरा. दोन्ही थियफिल नावाच्या एकाच गृहस्थास उद्देशून लिहिलेले आहेत. पुष्कळ पंडितांच्या मते हा ग्रंथ इ. स. ८० ते ९० च्या दरम्यान पूर्ण झाला असावा. या ग्रंथाचा सुमारे एक तृतीयांश भाग भाषणांनी व्यापलेला आहे. पेत्र बोलतो, स्तेफन बोलतो, पौल बोलतो. इतकेच नव्हे, तर त्यांचे विरोधकही बोलतात.

येथे एक शंका सहज उद्भवते. त्या काळी भाषण टिपून ठेवणारी यंत्रे नव्हती. मग ही भाषणे शब्दशः खरी मानावयाची काय? या बाबतीत प्राचीन इतिहासकारांची रीत ध्यानात घेतली पाहिजे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझ याने आपली पद्धत उघडपणे सांगून ठेवली आहे. बोललेला प्रत्येक शब्द स्मरणात ठेवणे अशक्य असल्यामुळे, प्रत्यक्ष जे बोलले गेले त्याच्या आशयाशी शक्य तितके जवळ राहून, त्या प्रसंगी त्या वक्त्याने जे बोलणे उचित होते, ते आपण लिहिले आहे, असे तो म्हणतो. जर्मन पंडित मार्टिन डिबेलिअस याने १९३९ साली अथेन्समधील भाषणावर व १९४९ साली कृत्यांतील एकंदर भाषणांवर निबंध प्रसिद्ध केले, तेव्हापासून लूकच्या या लेखनकलेचा अभ्यास विशेष जोमाने होऊ लागला.

भाषणांची मांडणी लूकची आहे, असे म्हटल्याने ती कपोलकल्पित ठरत नाहीत. अथेन्समधील भाषण अवघ्या दहा ओव्यांचे आहे. मोठ्याने वाचले तरी दोन मिनिटे लागत नाहीत. साहजिकच ते संपूर्ण भाषण नव्हे, तर त्याचे सार आहे. गवळी दूध आटवून खवा करतो, तेव्हा त्या खव्यात दूधच असते. लूकने प्रेषितांचा उपदेश असाच आटवून आपल्या हाती दिला आहे. आता प्रश्न असा, की आटविताना त्याने काय राखले? माझ्या मते, वक्त्याच्या डौलापेक्षा श्रोत्यांची ओळख त्याने अधिक काळजीपूर्वक राखली.

तीन सभा, तीन आरंभ

याची प्रचीती घेण्यासाठी पौलाची तीन भाषणे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिले भाषण पिसिदियातील अंत्युखिया नगरात, यहुदी लोकांच्या सभास्थानात झाले. शब्बाथाचा दिवस होता. नियमशास्त्राचे व संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे वाचन झाल्यावर सभास्थानाच्या अधिकाऱ्यांनी पाहुण्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. पौल उठला, त्याने हाताने खुणावले, आणि मिसर देशातील दास्यापासून प्रारंभ करून अरण्यातील चाळीस वर्षे, शास्ते, शौल राजा, दावीद राजा, अशा पायऱ्या चढत तो येशूपर्यंत पोहोचला. श्रोत्यांच्या घरातील वंशवृक्षच त्याने त्यांच्यासमोर मांडला, आणि त्याच झाडाला आलेले फळ दाखविले.

दुसरे भाषण लुस्त्र येथील. हे गाव लुकवनिया प्रांतातील. लोक बहुतांशी शेतीभातीवर जगणारे. तेथे पौलाने जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका माणसास बरे केले, तेव्हा लोकांना वाटले, की देवच माणसांच्या रूपाने उतरले आहेत. बर्णबाला त्यांनी झ्यूस मानले, आणि पौल मुख्य बोलणारा म्हणून त्याला देवांचा दूत हर्मीस ठरविले. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. हे दोन देव वेष पालटून त्याच बाजूच्या फ्रुगियात आले व एका गरीब वृद्ध दांपत्याखेरीज कोणीही त्यांना थारा दिला नाही, ही कथा रोमन कवी ओव्हिड याने सांगितली आहे. लुस्त्रच्या परिसरात सापडलेल्या शिलालेखांतही या दोन देवांची नावे जोडीने येतात. पूर्वजांकडून झालेली चूक आपल्या हातून घडू नये, अशा भावनेने ते लोक बैल व फुलांच्या माळा घेऊन धावले असतील, तर त्यात नवल काय?

या ठिकाणी लूक एक बारीकशी गोष्ट नोंदवितो. लोक लुकवनियाच्या बोलीत ओरडत होते. प्रेषित ग्रीक भाषेत बोलत असणार. ती लोकांना समजत होती. पण हर्षाच्या भरात माणसाच्या तोंडून त्याची घरची बोलीच बाहेर पडते. बैल दारापाशी येईपर्यंत प्रेषितांना काय चालले आहे याचा उलगडाच झाला नसावा! बेळगावच्या बाजूस एकाच बाकावर मराठी, कोंकणी व कानडी बोलणारी कुटुंबे बसलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस या नोंदीचे मर्म अधिक सांगावयास नको. मनुष्य व्यवहार एका भाषेत करतो, पण रडतो आणि हर्ष करतो तो दुसऱ्या भाषेत.

सत्य उमगताच प्रेषितांनी आपली वस्त्रे फाडली व गर्दीत उडी घेतली. तेथे केलेले भाषण अवघ्या तीन ओव्यांचे आहे. त्यात अब्राहाम नाही, मोशे नाही, दावीद नाही. आहे तो पाऊस, पिकांचे हंगाम, पोटभर अन्न आणि मनाचा आनंद. ज्यांनी संदेष्ट्यांचे नावही ऐकले नव्हते, त्यांना पौलाने त्यांच्याच शेतातील साक्षीदार बोलावून दाखविला. तरीही लोकांना बळी अर्पण करण्यापासून परावृत्त करताना त्यांच्या नाकी नऊ आले. पुढे अंत्युखिया व इकुन्या येथून विरोधक आले, लोकांची मने फिरली, आणि ज्याला देव मानून माळा आणल्या होत्या, त्याच पौलाला दगडमार करून, मेला असे समजून, गावाबाहेर फरफटत नेण्यात आले. लोकांच्या जयजयकाराचे मोल किती, हे लूकने एकाही उपदेशवचनावाचून सांगितले आहे.

तिसरे भाषण अथेन्सचे. नगर मूर्तींनी भरलेले पाहून पौल अंतर्यामी संतप्त झाला, असे लूक स्पष्टपणे लिहितो. हा संताप मनात असताना त्याने काय केले? तो सभास्थानात गेला, आणि दररोज चव्हाट्यावर जाऊन भेटेल त्याच्याशी संवाद करू लागला. अथेन्सचा चव्हाटा म्हणजे केवळ बाजार नव्हे; सॉक्रेटिस जेथे लोकांना प्रश्न विचारीत फिरत असे, तीच ही जागा. एपिकूरपंथी व स्तोयिकपंथी तत्त्वज्ञ तेथे त्याला भेटले. काहींनी त्याला जे विशेषण लावले, त्याचा मूळ अर्थ दाणे टिपणारा पक्षी असा आहे. म्हणजे इकडचे तिकडचे विचार वेचून बडबडणारा मनुष्य. दुसऱ्यांना वाटले, की हा परक्या देवांचा प्रचार करीत आहे. नवी दैवते आणल्याचा आरोप याच नगरात ख्रिस्तपूर्व ३९९ साली सॉक्रेटिसावर ठेवला गेला होता व त्याला विषाचा पेला प्यावा लागला होता, हे त्या काळच्या कोणत्याही सुशिक्षित वाचकास आठवल्यावाचून राहिले नसेल. म्हणून पौलाला अरीयपगाकडे नेले, या वाक्यात कुतूहलाबरोबर एक अस्पष्ट धोकाही आहे.

आणि तेथे पौल कसा आरंभ करतो? आतल्या संतापाचा एक शब्दही ओठांवर न आणता तो अथेन्सकरांच्या धर्मशीलतेचा उल्लेख करतो. अज्ञात देवाला वाहिलेली एक वेदी आपण पाहिली, तेथून तो प्रारंभ करतो. अथेन्सच्या परिसरात अज्ञात दैवतांच्या वेदी होत्या, असे दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पाउसानिअस यानेही लिहून ठेवले आहे. पुढे पौल संदेष्ट्याचे नव्हे, तर ग्रीक कवीचे वचन घेतो. ते वचन अराटस या कवीच्या काव्यात आढळते, आणि हा अराटस पौलाप्रमाणेच किलिकिया प्रांतातला! संपूर्ण भाषणात येशूचे नाव येत नाही. देवाने नेमलेला व मेलेल्यांतून उठविलेला एक पुरुष, एवढाच उल्लेख येतो. तोपर्यंत श्रोत्यांनी ऐकून घेतले, कारण तोपर्यंतची वाट त्यांच्या ओळखीची होती.

वाचकहो, आपण सारे निरनिराळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांमध्ये राहतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलण्याचा प्रसंग आपणांवर चाळीत, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात वरचेवर येतो. अशा वेळी पौलाचे हे उदाहरण मनात ठेवण्याजोगे आहे. त्याने आपले मत लपविले नाही. मूर्तींविषयी त्याला जे वाटत होते, तेही त्याने भाषणाच्या ओघात सांगितले. परंतु सांगण्यापूर्वी तो ते नगर फिरून पाहून आला होता, त्यांच्या वेदीवरील अक्षरे वाचून आला होता, त्यांचे कवी त्याला ठाऊक होते. ज्याने दुसऱ्याचे काहीच वाचले नाही, त्याच्या तोंडी धर्मचर्चा शोभत नाही.

हीच दृष्टी पुढे आपल्या मायबोलीतही अवतरली. १५७९ साली गोव्यास आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत रचले, आणि ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापून निघाले. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या कानांना पुराणाच्याच चालीत शुभवर्तमान ऐकविणे, हा अरीयपगावरील पद्धतीचाच एक वंशज होय.

अर्ध्यावर तुटलेली भाषणे

लूकच्या चित्रणातील दुसरी विशेष गोष्ट म्हणजे व्यत्यय. अथेन्समध्ये पौलाने पुनरुत्थानाचा उच्चार करताच काहीजण हसले. देहाबरोबर आत्म्याचाही विलय होतो, असे मानणाऱ्या एपिकूरपंथीयांना हे बोलणे हास्यास्पद वाटणे स्वाभाविकच होते. काहींनी पुन्हा केव्हातरी ऐकू, असे सौजन्याने सांगितले. श्रद्धा ठेवणाऱ्यांपैकी लूक दोनच नावे देतो: अरीयपगाचा सभासद दियोनुस्य व दामारी नावाची एक स्त्री.

यरुशलेममध्ये मंदिराच्या आवारात पौलाला जिवे मारावयास उठलेल्या जमावाला त्याने किल्ल्याच्या पायऱ्यांवरून हाताने खुणावले. तो इब्री बोलीत बोलू लागला, तेव्हा सारे अधिकच शांत झाले. तो बोलत असता, देवाने आपणास यहुदीतर लोकांकडे पाठविले, असे सांगेपर्यंत ती शांतता टिकली. तो एक शब्द कानी पडताच जमावाने आकांत केला, अंगावरची वस्त्रे भिरकाविली व हवेत धूळ उधळली. पुढे कैसरियात अग्रिप्पा राजा व बर्णीका मोठ्या थाटाने येऊन बसले असताना पौल आपली बाजू मांडत होता. तेव्हा सुभेदार फेस्त मध्येच मोठ्याने ओरडला, की अतिविद्येमुळे याचे डोके फिरले आहे. पौलाने त्याला आदराने उत्तर दिले व आपले बोलणे पुढे चालू ठेवले.

व्यत्यय नेहमी विरोधकांकडूनच येतो असेही नाही. कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी पेत्र बोलत होता. त्याचे बोलणे संपण्यापूर्वीच पवित्र आत्मा श्रोत्यांवर उतरला. म्हणजे पेत्राचे भाषण प्रत्यक्ष देवानेच अर्ध्यावर थांबविले! पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राच्या उपदेशाने सुमारे तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला, हे तर आपण जाणतोच. पण त्या उपदेशाचा आरंभ, हे लोक द्राक्षारस पिऊन झिंगले आहेत, या टवाळीला उत्तर देण्यात झाला होता. आणि त्याचा शेवट श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नाने झाला: आता आम्ही काय करावे? लूकच्या दृष्टीने उपदेशाची पूर्तता वक्त्याच्या अखेरच्या वाक्यात होत नाही. ऐकणाऱ्याच्या पहिल्या पावलात होते.

पौलाची स्वतःची साक्ष

लूकने हे वर्णन केले त्याच्या कितीतरी आधी खुद्द पौलाने आपल्या उपदेशाविषयी लिहून ठेवले होते. अथेन्सहून तो करिंथला गेला व तेथे दीड वर्ष राहिला. त्या काळी तेथे गल्लियो हा प्रांताधिपती होता, आणि डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखामुळे त्याच्या कारकिर्दीचा काळ इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पुढे इफिसहून करिंथकरांस लिहिताना पौल आठवण देतो, की आपण त्यांच्याकडे आलो तेव्हा दुर्बळ होतो, भीत होतो व कापत होतो. आणि आपल्या भाषणात ज्ञानाचा डामडौल नव्हता. त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो आपल्या निंदकांचे बोलणेच उघड करतो: याची पत्रे वजनदार, परंतु प्रत्यक्षात हा मनुष्य अशक्त आणि याचे भाषण टाकाऊ!

करिंथचे लोक भाषणांचे रसिक होते. त्या काळी ग्रीक नगरांतून व्यावसायिक वक्ते फिरत. लोक त्यांची तुलना करीत, त्यांचे पक्ष घेत. त्यातच अलेक्झांड्रियाचा अपुल्लो हा वक्तृत्वसंपन्न उपदेशक करिंथला येऊन गेला. झाले! मी पौलाचा, मी अपुल्लोचा, असे तट पडले. पौल मात्र अक्विला व प्रिस्किल्ल यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करीत होता, आणि उपदेशाबद्दल करिंथकरांकडून मोबदला घेत नव्हता. ज्या सभ्य समाजात वक्त्याची थोरवी त्याच्या बिदागीवरून ठरे, तेथे फुकट बोलणाऱ्या व हाताला घट्टे पडलेल्या माणसाची किंमत ती काय!

अथेन्समध्ये पौल अयशस्वी झाला व म्हणून करिंथमध्ये त्याने आपली पद्धत बदलली, असे काही विवेचक म्हणतात. मला हे पटत नाही. लूकने अथेन्सच्या भाषणाला आपल्या ग्रंथात इतके मानाचे स्थान दिले आहे, की ते अपयशाचे उदाहरण म्हणून दिले असेल, असे वाटत नाही. दोनच नावे नोंदविणाऱ्या लेखकाला ती दोन माणसे थोडी वाटली नसावीत. आपणच मोजदादीच्या मोहात पडतो.

दोन खिडक्या

आता दोन खिडक्यांची गोष्ट सांगतो. पहिली खिडकी त्रोवस येथील. आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे आपला रविवार. भाकर मोडण्यासाठी भाविक माडीवर जमले होते. पुष्कळ दिवे लागले होते. दुसऱ्या दिवशी निघावयाचे असल्यामुळे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्याला गाढ झोप लागली व तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौल खाली उतरला, त्याच्यावर ओणवला, त्याला कवटाळले व लोकांना धीर दिला. मग तो पुन्हा वर गेला, भाकर मोडली, खाल्ली आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला. त्या तरुणास लोकांनी जिवंत घरी नेले. हा प्रसंग लूक ‘आम्ही’ या सर्वनामाने सांगतो. म्हणजे निवेदक स्वतःला त्या माडीवरील मंडळींत गणतो.

दुसरी खिडकी इकुन्या येथील, आणि ती पवित्र शास्त्राबाहेरच्या ग्रंथात आहे. दुसऱ्या शतकात ‘पौल आणि थेक्ला यांची कृत्ये’ नावाची एक कथा प्रचारात आली. त्यात थेक्ला ही वाग्दत्त कुमारी शेजारच्या घरातून येणारा पौलाचा उपदेश आपल्या खिडकीतून ऐकते. तीन दिवस व तीन रात्री ती जागची हालत नाही. कोळी जाळ्याला चिकटून असावा तशी ती खिडकीला चिकटली आहे, असे तिची आई तक्रारीने सांगते. तिला पौल दिसत नाही, केवळ त्याचा आवाज ऐकू येतो. ठेंगू, टक्कल पडलेला, वाकड्या पायांचा, जुळलेल्या भुवयांचा, पण मुखावर कृपा असलेला पौल, हे प्रसिद्ध वर्णनही याच कथेत आहे. आशिया प्रांतातील एका धर्मगुरूने पौलावरील प्रेमापोटी हे लिखाण केल्याचे कबूल केले व त्याला पदावरून दूर व्हावे लागले, असे इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन याने नमूद केले आहे.

त्याच दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या ‘पेत्राची कृत्ये’ या ग्रंथात तर याहून अद्भुत प्रकार आहेत. तेथे कुत्रा मनुष्यवाणीने बोलतो, धुरावर सुकविलेला मासा पाण्यात टाकताच पोहू लागतो, आणि रोमच्या चौकात पेत्र व शिमोन जादूगार यांचा सामना पाहण्यासाठी लोक एकेक सुवर्णनाणे देऊन जागा धरतात! उपदेशाची सभा होता होता तिचा तमाशा कसा होतो, हे त्या एका नाण्याने कळते.

या कथांना मी तुच्छ लेखत नाही. त्या भक्तिभावाने लिहिल्या गेल्या, आणि थेक्लेच्या एकाग्रतेपुढे कोणीही मान लववावी. तथापि भक्त आपल्या आवडत्या प्रेषिताचे चित्र रंगवू लागला, की खिडकीत झोपी जाणारा श्रोता चित्रातून नाहीसा होतो व त्याच्या जागी तीन दिवस न हालणारा श्रोता येतो. लूकने झोपलेल्या तरुणाला पुसून टाकले नाही. त्याचे नाव लिहून ठेवले. आणि प्रवचन थांबवून खाली धावणारा पौल दाखविला. एखाद्या उपदेशकाचे मोल त्याच्या बोलण्यावरून ठरते, तसेच बोलणे थांबवून तो कोणासाठी जिने उतरतो, यावरूनही ठरते.

ऐकणाऱ्याचा वाटा

आता थोडे आपणांविषयी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात, प्रवचन हे उपासनेचेच अंग आहे व रविवारी लोकांसह होणाऱ्या मिस्सात गंभीर कारणाशिवाय ते गाळू नये, असे ठरवून दिले. आणि जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना बजावले, की प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये, कारण त्यानंतर लोकांना झोप येते. युतुख आजही आपल्या मंदिरात बसलेला आहे, हे त्यांस पुरते ठाऊक होते!

उपदेशकाचे कर्तव्य यावरून स्पष्ट आहे. समोर अंत्युखिया आहे, लुस्त्र आहे की अथेन्स, हे ओळखल्याशिवाय त्याने तोंड उघडू नये. एकाच रविवारी त्याच्यापुढे शेतकरी असतो, महाविद्यालयातील तरुणी असते, नुकतीच विधवा झालेली माउली असते आणि रात्रपाळी करून थेट मंदिरात आलेला कामगारही असतो. अशा कामगाराला डुलकी लागली, तर त्याच्याकडे डोळे वटारून पाहण्यापूर्वी त्रोवसची माडी आठवावी.

परंतु श्रोत्यांचे कर्तव्य काय? करिंथकरांचा दोष हा, की ते परीक्षक होऊन ऐकत. अमक्या फादरांचे प्रवचन छान, तमक्यांचे कंटाळवाणे, एवढ्या निकालावर आपण मंदिराची पायरी उतरतो, तेव्हा आपणही एकेक सुवर्णनाणे देऊन जागा धरणाऱ्यांच्या रांगेत बसतो. भाषण सामान्य असेल. पौलाचेही टाकाऊ म्हटले गेले होते. तरी त्यातील एखादे वाक्य आपल्यासाठी असू शकते. पेंटेकॉस्टच्या दिवशी श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न आपण प्रत्येक रविवारी, निदान मनातल्या मनात, विचारून पाहावा: आता मी काय करावे?

एक अखेरची गोष्ट. इफिसमध्ये पौल दोन वर्षे तुरन्न नावाच्या गृहस्थाच्या पाठशाळेत दररोज संवाद करीत होता. केंब्रिज विद्यापीठात जतन केलेल्या बेझा नावाच्या प्राचीन हस्तलिखितात येथे एक अधिक नोंद आहे: पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत. म्हणजे आपल्या हिशेबाने सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत. ही वेळ उन्हाची, जेवणाची व वामकुक्षीची; पाठशाळा रिकामी मिळत असेल ती याच वेळी. आपल्या हातांनी कष्ट करून पोट भरणारा पौल आणि जेवण व झोप सोडून आलेले श्रोते, असे ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. तेथे राफाएलच्या चित्रातील भव्य पायऱ्या नाहीत, उंचावलेले हात नाहीत. घाम पुसीत बोलणारा एकजण आहे, आणि घाम पुसीत ऐकणारे काहीजण आहेत. लूक म्हणतो, की यामुळे आशिया प्रांतात राहणाऱ्या सर्वांच्या कानी प्रभूचे वचन गेले.

कृत्यांचा ग्रंथ संपतो, तेव्हा पौल रोममध्ये पहाऱ्यात आहे. त्याच्या मृत्यूविषयी लूक एक अक्षर लिहीत नाही. भाड्याच्या घरात दोन वर्षे राहून, येईल त्याचे स्वागत करीत तो बोलत आहे, आणि मूळ ग्रीक ग्रंथातील शेवटचा शब्द ‘बिनअडथळा’ या अर्थाचा आहे. ज्याचे भाषण सबंध ग्रंथभर कोणी ना कोणी तोडले, त्याची कथा या शब्दाने संपावी, यात केवढे सांत्वन आहे! माणूस अडविला जातो, बांधला जातो, हसला जातो. वचन मात्र पुढे जाते.

ते आपल्या कानांशी येऊन थबकू नये, एवढीच प्रार्थना प्रेषित संत पौलाच्या मध्यस्थीने आपण परमेश्वरापाशी करू या.